थोर बेसवादक कोणाला म्हणावे?

आतापर्यंतचा सर्वांत थोर बेस गिटार वादक कोण, असा प्रश्न जाणकार श्रोत्यांसमोर ठेवला की थोड्याच वेळात दोन तट पडतात. एका बाजूने जॅको पास्टोरियस, स्टॅनली क्लार्क, व्हिक्टर वूटन अशी नावे येतात. त्यांच्या हाताची तयारी, त्यांचा वेग आणि या वाद्यातून पूर्वी कोणी न काढलेले नाद हा त्या बाजूचा पुरावा असतो. दुसऱ्या बाजूने जेम्स जेमर्सन, डोनाल्ड ‘डक’ डन, अ‍ॅडम क्लेटन ही नावे पुढे केली जातात आणि गाण्याला हवे तेवढेच वाजवणे हीच खरी कसोटी असल्याचे सांगितले जाते. हा वाद वर्षानुवर्षे मिटत नाही, कारण थोरवी या एकाच शब्दाखाली तीन निराळे प्रश्न विचारले जात असतात. वादकाचा हात किती तयार आहे, हा पहिला. त्याच्या वाजवण्याने त्या विशिष्ट गाण्याचे काय झाले, हा दुसरा. आणि त्याच्यानंतरच्या वादकांनी त्याच्याकडून काय उचलले, हा तिसरा. या तिन्हींची उत्तरे क्वचितच एकाच माणसापाशी येऊन थांबतात. यांतील दुसऱ्या प्रश्नाला मी सर्वाधिक वजन देतो, आणि त्याचे कारण या वाद्याच्या कामातच सापडते.

बेस गिटारला सामान्यतः चार तारा असतात आणि त्या साध्या गिटारच्या जाड चार तारांपेक्षा एक सप्तक खाली जुळवलेल्या असतात. गिटारची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, तर बेसची सुमारे ४१ वेळा. एवढ्या खालच्या स्वराची ध्वनिलहर हवेत आठ मीटरहून अधिक लांब असते, त्यामुळे एकाच खोलीत एका कोपऱ्यात बेस घुमतो आणि दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ नाहीसा होतो. मोबाइलच्या छोट्या स्पीकरला तर हा मूळ कंप उमटवताच येत नाही. त्याच तारेतून निघणारी ८२, १२३, १६४ अशी वरची उपकंपने कानावर पडतात आणि त्यांच्या परस्परसंबंधावरून मेंदू न वाजलेला खालचा स्वर स्वतःच ओळखून घेतो. बेसविषयीची अनेक मते निकृष्ट स्पीकरवर ऐकून बनलेली असतात, हे या वादात विसरले जाते. श्रोत्याच्या कानापर्यंत ज्याचे निम्मे काम पोहोचलेच नाही, त्या वादकाला ‘साधा’ ठरवणे सोपे असते.

हे वाद्य वयानेही लहान आहे. लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला, तोपर्यंत खालच्या स्वरांचे काम उभ्या डबल बेसकडे होते. डबल बेसचा आवाज ड्रम आणि पितळी फुंकवाद्यांच्या गजरात दबून जात असे, तो वाहून नेणे त्रासाचे होते आणि पडदे (फ्रेट) नसल्यामुळे त्यावर स्वर नेमका लागण्यासाठी वर्षानुवर्षांचा रियाज लागे. फ्रेट बसवलेल्या, आडव्या धरायच्या आणि अ‍ॅम्प्लिफायरला जोडायच्या या नव्या वाद्याने या तिन्ही अडचणी दूर केल्या. त्यामुळे पहिल्या पिढीतील वादकांपैकी काही जण डबल बेसकडून आले, तर काही गिटारकडून, आणि या दोन वाटांचा फरक त्यांच्या वाजवण्यात पुढेही दिसत राहिला.

आता कामाकडे वळू. बेसवादक एका वेळी बहुधा एकच स्वर वाजवतो, तरीही त्या एका स्वराच्या हाती वर वाजणाऱ्या सगळ्या स्वरांचा अर्थ असतो. समजा, गिटार किंवा पियानोवर सा, शुद्ध ग आणि प हे तीन स्वर एकत्र वाजत आहेत; अशा मेळाला कॉर्ड म्हणतात. त्यांच्या खाली बेसने सा धरला, तर तो मेळ स्थिर आणि घरी पोहोचल्यासारखा वाटतो. बेसने त्याच क्षणी मंद्र सप्तकातील शुद्ध धैवत धरला, तर वरचे तिन्ही स्वर जसेच्या तसे असूनही संपूर्ण मेळ मायनर होतो आणि त्यात उदासीची छटा येते. बेसने गंधार धरला, तर मेळ तोच राहतो, पण त्याचा तोल पुढे झुकतो आणि कानाला पुढच्या कॉर्डची ओढ लागते. मध्यम धरला, तर वरचे स्वर अधांतरी तरंगू लागतात. म्हणजे वरच्या वादकांनी आणि गायकाने काहीही न बदलता बेसवादक एका बोटाने गाण्याचा भाव बदलू शकतो, आणि हा बदल कोणी केला हे बहुतेक श्रोत्यांना कळतही नाही. त्यामुळे ‘कॉर्डचा मूळ स्वर वाजवणे’ हा त्याच्यापुढचा एक पर्याय असतो, आणि तो कधी घ्यायचा व कधी टाळायचा हे ठरवणे त्याच्या कलेचा मोठा भाग असतो.

दुसरे काम लयीचे आहे. ड्रम ठेका धरतो हे सर्वांना दिसते, परंतु त्या ठेक्याला स्वर मिळतो तो बेसकडून. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत दोन मात्रांमध्ये बरोबर अर्धा सेकंद असतो. या अर्ध्या सेकंदाच्या शेवटी बेसवादक आपला स्वर ड्रमच्या ठोक्यावर नेमका ठेवू शकतो, किंचित आधी आणू शकतो किंवा किंचित मागे रेंगाळू देऊ शकतो. हा फरक सेकंदाच्या काही शतांशांचा असतो, पण आधी आलेल्या स्वराने गाण्यात घाई आणि ताण येतो, तर मागे राहिलेल्या स्वराने ते ऐसपैस आणि झुलते होते. गायक डी’अँजेलो यांच्या २००० सालच्या ‘वूडू’ या संग्रहात पिनो पॅलाडिनो यांनी हे मागे रेंगाळणे इतके सांभाळून केले आहे की लय आता मोडेल असे वाटत असतानाच ती मोडत नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक उंच आणि एक खालचा असे दोन स्वर समान अंतराने एकत्र ऐकवले आणि अधूनमधून त्यांपैकी एक ५० सहस्रांश सेकंद आधी वाजवला; खालचा स्वर लवकर आला की श्रोत्यांच्या मेंदूने ती चूक अधिक ठळकपणे टिपली, आणि तालावर बोट आपटणाऱ्यांची बोटेही खालच्या स्वराला अधिक अनुसरली. मानवी कान वेळेच्या बाबतीत खालच्या स्वरावर जास्त विसंबतो, असा त्याचा अर्थ आहे. गिटारवादकाची सूक्ष्म चूक खपून जाते आणि बेसवादकाची खपत नाही, याचे एक कारण येथे मिळते.

तिसरे काम सर्वांत कमी बोलले जाते आणि माझ्या दृष्टीने चांगला वादक व थोर वादक यांच्यातील फरक तेथेच अधिक स्पष्ट होतो. ते म्हणजे स्वर थांबवणे. बेसची जाड तार एकदा छेडली की ती कितीतरी वेळ वाजत राहते, त्यामुळे प्रत्येक स्वर कोठे सुरू होतो याइतकेच तो कोठे संपतो हेही वादकाला हाताने ठरवावे लागते. डाव्या हाताचे बोट फ्रेटवरून अलगद उचलून, उजव्या हाताचा तळवा तारेवर टेकवून किंवा न वाजणाऱ्या तारा मोकळ्या बोटांनी दाबून ठेवून हे साधले जाते. एकच चार स्वरांची ओळ लांब स्वरांनी वाजवली तर ती गाण्याखाली सतरंजीसारखी पसरते, आणि तेच स्वर अर्ध्यावर तोडले तर त्याच ओळीवर पाय आपोआप हलू लागतात. स्वरांच्या मधली ही शांतता स्वरलिपीत लिहिता येते, परंतु तिची नेमकी लांबी कानालाच ठरवावी लागते.

या तिन्ही कामांत एकाच वेळी शिखरावर असलेला माणूस म्हणून मी जेम्स जेमर्सन यांचे नाव घेतो. १९३६ मध्ये दक्षिण कॅरोलायनात जन्मलेले जेमर्सन डेट्रॉइटमध्ये जॅझ क्लबांतून डबल बेस वाजवत घडले आणि मोटाऊन या ध्वनिमुद्रण कंपनीच्या तळघरवजा स्टुडिओत नेमाने वाजवणाऱ्या फंक ब्रदर्स या वादकसमूहात दाखल झाले. विद्युत बेस हाती घेतल्यावरही त्यांनी डबल बेसची सवय सोडली नाही. उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने ते तारा छेडत. १९६२ सालचा एक प्रिसिजन बेस, त्यावरील जाड गुळगुळीत तारा ज्या ते तुटल्याशिवाय सहसा बदलत नसत, आणि घोडीजवळ (ब्रिज) तारांखाली बसवलेला फोमचा तुकडा एवढ्या सामग्रीवर त्यांनी १९६० च्या दशकातील अमेरिकी लोकप्रिय संगीताचा तळ घडवला. त्यांच्या जुन्या तारांना चमक नव्हती, म्हणून त्यांचा स्वर लवकर विरत असे आणि त्यांना पुष्कळ स्वर वाजवूनही गर्दी न करता येत असे.

जेमर्सन यांची ओळ लक्षपूर्वक ऐकली तर दिसते की मात्रेवर अपेक्षित असलेला स्वर ते अर्धी मात्रा आधी आणतात, दोन कॉर्डांच्या मधली जागा अर्ध्या स्वरांच्या पायऱ्यांनी भरून काढतात, मोकळ्या तारा अनपेक्षित ठिकाणी वाजवतात आणि तरीही नव्या कॉर्डच्या आरंभी, जेथे गायकाला आधाराची गरज असते तेथे, ते बहुधा हजर असतात. गायकाने ओळ संपवून श्वास घेतला की बेस बोलतो आणि गायक पुन्हा सुरू झाला की तो मागे सरतो. यात वेग आहे आणि गुंतागुंतही आहे, पण ती गाण्याच्या पोकळीत बरोबर बसणारी आहे. म्हणूनच ‘साधे वाजवणारे’ या गटात जेमर्सन यांना घालणे मला पटत नाही. त्यांच्या ओळी नव्या वादकाला शिकायला अत्यंत कठीण जातात.

त्यांच्याबाबतीत आणखी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. मोटाऊनच्या तबकड्यांवर अनेक वर्षे साथीदारांची नावे छापली जात नसत. १९७१ मध्ये मार्व्हिन गे यांच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या संग्रहावर जेमर्सन यांचे नाव प्रशंसेसह आले, तोपर्यंत जगभरच्या तरुण बेसवादकांनी त्यांच्या ओळी पाठ केलेल्या होत्या आणि त्या कोणाच्या आहेत हे बहुतेकांना ठाऊक नव्हते. १९८३ मध्ये त्यांचे निधन झाले. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाने २०२० मध्ये पन्नास श्रेष्ठ बेसवादकांची यादी केली तेव्हा पहिला क्रमांक त्यांना दिला. लॉस एंजेलिसच्या स्टुडिओंत काम करणाऱ्या कॅरोल के यांची गोष्टही याच जातीची आहे. त्या मुळात जॅझ गिटारवादक होत्या. १९६३ मध्ये एका ध्वनिमुद्रणाला बेसवादक आला नाही म्हणून त्यांनी बेस हाती घेतला आणि पुढे प्लेक्ट्रमने (तारा छेडण्याच्या नखीने) वाजवलेला त्यांचा टणक, स्पष्ट स्वर असंख्य गाण्यांत ऐकू येऊ लागला. प्रसिद्धीवरून थोरवी मोजणाऱ्याला हे दोघे फार उशिरा दिसतात. गाण्यावरून मोजणाऱ्याला ते पहिल्याच दिवशी दिसायला हवेत.

गिटारच्या वाटेने आलेल्यांत पॉल मॅकार्टनी यांचे उदाहरण सर्वांत मोलाचे आहे. बीटल्समधील आधीचा बेसवादक १९६१ मध्ये बँड सोडून गेल्यावर हे काम त्यांच्याकडे आले. पुढे १९६७ च्या सुमारास ते अनेकदा बाकीचे गाणे मुद्रित झाल्यावर सर्वांत शेवटी स्वतःचा बेस वाजवू लागले, आणि त्यामुळे गायकाची चाल, पियानो व गिटार समोर ऐकत त्यांना बेससाठी दुसरी स्वतंत्र चाल रचता आली. त्यांच्या हाताची तयारी पास्टोरियस यांच्या जवळपासही नाही, परंतु चाल रचण्याची दृष्टी असामान्य आहे.

आता कमी स्वर वाजवणाऱ्यांचा प्रश्न. यूटू या बँडच्या १९८७ सालच्या ‘विथ ऑर विदाउट यू’ या गाण्यात अ‍ॅडम क्लेटन जवळजवळ सर्वभर सा, प, ध, म हे चारच स्वर सारख्या अंतराने वाजवत राहतात. ही ओळ नवशिक्याला एका दुपारी येते, आणि या मुद्द्यावरूनच त्यांच्यावर टीका होते. येथे रचणे आणि वाजवणे या दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. हीच ओळ दुसऱ्या कोणी वाजवली असती तर फारसे बिघडले नसते हे मान्य. पण गिटार आणि आवाज हळूहळू चढत असताना बेसने अजिबात चढायचे नाही, हा निर्णय नसता तर ते गाणे उभेच राहिले नसते. क्लेटन यांना मी जेमर्सन यांच्या शेजारी बसवणार नाही. मात्र सारख्या वजनाचे, सारख्या लांबीचे स्वर पाच मिनिटे डगमगू न देता वाजवणे हीसुद्धा तयारीच आहे, आणि वेगालाच तयारी समजणाऱ्यांनी ते एकदा मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारे यंत्र) लावून, ध्वनिमुद्रित करून पाहावे.

शीक या बँडचे बर्नर्ड एडवर्ड्‌स याच कसोटीवर फार वर जातात. १९७९ च्या ‘गुड टाइम्स’ मधील त्यांच्या ओळीत आरंभी ठामपणे वाजलेले तीन स्वर आहेत, मग एक मोकळी जागा आणि मग वर चढत जाणारे उत्तर. त्याच वर्षी ‘रॅपर्स डिलाइट’ या सुरुवातीच्या रॅप गाण्याने हीच ओळ पायाला घेतली. एका बेसच्या ओळीवर दुसरे संपूर्ण गाणे उभे राहू शकते, याहून अधिक मोठी पावती साथीदाराला कोणती मिळणार!

याच्या उलट बाजूचाही विचार करायला हवा. गायक प्रिन्स यांनी १९८४ मध्ये ‘व्हेन डव्ज क्राय’ मधून बेसची ओळच काढून टाकली आणि ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. प्रिन्स स्वतः उत्तम बेस वाजवत, म्हणून हा निर्णय अज्ञानातून आलेला नव्हता. १९८८ मध्ये मेटालिका या बँडच्या ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ या संग्रहात मात्र जेसन न्यूस्टेड यांचा बेस मिश्रणात इतका खाली ठेवला गेला की तो जवळजवळ ऐकूच येत नाही, आणि त्या संग्रहाचा कोरडेपणा आजही श्रोत्यांना खटकतो. पहिल्या गाण्यात बेसची अनुपस्थिती रचनेचा भाग आहे. दुसऱ्यात ती केवळ उणीव राहते. त्यामुळे बेस ‘नेहमी हवाच’ असे म्हणता येत नाही. तो आहे तेथे त्याने आपली जागा कमावलेली असावी, एवढेच म्हणता येते.

शैली बदलली की कसोटीचे तपशीलही बदलतात, म्हणून एकाच यादीत सर्वांना बसवताना सावध राहावे. जेम्स ब्राउन यांच्या फंक संगीतात आवर्तनाची पहिली मात्रा समेइतकी पवित्र मानली जाते आणि १९७० मध्ये त्यांच्याकडे आलेला तरुण बेसवादक बूट्सी कॉलिन्स हे तत्त्व तेथेच शिकला. बाकीच्या मात्रांवर हवे ते करावे, परंतु पहिलीवर चुकू नये. जमैकाच्या रेगे संगीतात याच्या अगदी उलट घडते. तेथील एका प्रमुख ठेक्यात ड्रम पहिली मात्रा मोकळी सोडतो आणि जोर तिसरीवर येतो. वेलर्स या बँडचे अ‍ॅस्टन ‘फॅमिली मॅन’ बॅरेट त्या मोकळ्या जागेभोवती बेसची गोल, गाता येईल अशी चाल गुंफत, आणि ड्रमवर त्यांचा भाऊ कार्लटन असे. फंकच्या कसोटीने रेगेचा वादक मोजला तर तो समेलाच गैरहजर ठरेल. लॅरी ग्रॅहम यांनी आईबरोबर वाजवताना ड्रमवादक उरला नाही तेव्हा अंगठ्याने तार ठोकून आणि बोटाने दुसरी तार खेचून ड्रमची उणीव भरून काढली, आणि त्यातून स्लॅप ही पद्धत आली. तिला पुढे प्रदर्शनाचे रूप आले, तरी तिचा जन्म गरजेतून झालेला आहे.

आणि पास्टोरियस? त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे हलके नाही. फ्रेट काढून फळीवर इपॉक्सी या टणक राळेचा थर चढवलेल्या १९६२ सालच्या फेंडर जॅझ बेसमधून त्यांनी मानवी आवाजासारखा कंप पावणारा स्वर काढला. १९७६ च्या त्यांच्या पहिल्या संग्रहात तारेला केवळ स्पर्श करून निघणाऱ्या उपस्वरांवर आधारलेली एक संपूर्ण रचना आहे. त्याच वर्षी ते वेदर रिपोर्ट या गटात आले आणि त्यानंतर बेस हे पुढे उभे राहणारे वाद्य असू शकते, यावर कोणी शंका घेतली नाही. तिसऱ्या प्रश्नाच्या, म्हणजे प्रभावाच्या बाबतीत ते जेमर्सन यांच्या बरोबरीचे आहेत आणि हाताच्या तयारीत निःसंशय पुढे आहेत. तरीही त्यांचे चाहते जे दाखले देतात ते बहुधा एकलवादनाचे असतात, आणि माझ्या मते त्यामुळे त्यांची बाजू विनाकारण दुबळी होते. त्यांनी गायिका जोनी मिचेल यांचा १९७६ चा ‘हेजिरा’ हा संग्रह पुढे करावा. तेथील चार गाण्यांत पास्टोरियस ताल धरून राहत नाहीत, मूळ स्वराशी चिकटून राहत नाहीत, कधी गायिकेच्या शेजारून दुसऱ्या आवाजासारखे वर जातात आणि ती बोलू लागली की एखादा लांब स्वर धरून थांबतात. दूरच्या प्रवासाविषयीच्या त्या गाण्यांना पायाखाली घट्ट जमीन नको होती, हे त्यांनी ओळखले आणि ती त्यांनी दिली नाही. जेमर्सन यांनी ज्या कानाने आधार कोठे द्यायचा ते ठरवले, त्याच कानाने पास्टोरियस यांनी तो कोठे काढून घ्यायचा ते ठरवले आहे.